गाठ काढली, पण तिची जनुक-तपासणी झाली का?

"सिस्टर, मी जन्मात बिडी ओढली नाही. मग हा रोग मलाच का झाला?"

फुफ्फुसाच्या कॅन्सरविषयी बोलायला बसले की वस्तीतल्या बायका हा प्रश्न हमखास विचारतात. घरातली माणसे मग बाजूला घेऊन हळूच दुसरा प्रश्न विचारतात, "हे पोरांच्या रक्तात तर उतरणार नाही ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरे आज विज्ञानाकडे बऱ्यापैकी आहेत. पण आणखी एक प्रश्न आहे, जो आपल्याकडे क्वचितच कोणी विचारतो. ऑपरेशन करून गाठ काढली, तर त्या गाठीच्या तुकड्याची जनुक-तपासणी केली का? हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. कारण उपचाराची पुढची वाट त्या तपासणीवर ठरते, आणि ती मागून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे.

आपल्या भागात हा विषय का?

तुमसर तालुक्यातले आंबागड आणि आजूबाजूची गावे डोंगर-जंगलाच्या कडेला आहेत. जळणाला लाकूड मिळते, म्हणून गॅस आला तरी चूल पूर्ण विझलेली नाही. सिलिंडर संपले आणि पैसे नसले की पुन्हा चुलीशीच बसावे लागते. तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा हा जिल्हा. बिडी बांधणारे हात घरोघरी होते आणि ओढणारेही. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. कोणी गिट्टी फोडायला जाते, कोणी बांधकामावर, कोणी नागपूरला रस्त्याच्या कामावर. म्हणजे धूर आणि धूळ या दोन गोष्टी आपल्या माणसांच्या छातीत वर्षानुवर्षे जात असतात.

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था कोणत्या पदार्थाने कॅन्सर होतो याची वर्गवारी करते. तंबाखूचा धूर पहिल्या, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गटात आहे. दगड फोडताना, कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ १९९७ पासून त्याच गटात आहे. बाहेरच्या हवेचे प्रदूषण २०१३ मध्ये त्या गटात आले. घरात जळणाऱ्या लाकडाच्या धुराला "बहुधा कॅन्सर करणारा" असे म्हटले आहे. तेव्हा "बिडी ओढत नाही" याचा अर्थ "धोका नाही" असा होत नाही. बिडी-सिगारेट हे आजही सर्वांत मोठे कारण आहे, पण एकमेव नाही.

जनुकातला बदल म्हणजे काय?

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुके असतात. जनुक म्हणजे पेशीला दिलेली लेखी सूचना समजा. कधी वाढायचे, कधी थांबायचे, बिघाड झाला तर कधी मरून जायचे, हे त्यात लिहिलेले असते. पेशी दुभंगते तेव्हा ही सगळी सूचना नकलून घेतली जाते. नक्कल करताना एखादे अक्षर चुकते, एखादी ओळ गळते. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करते. काही राहून जातात. तंबाखूच्या धुरातली रसायने अशा चुका खूप वाढवतात.

फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाचे एक जनुक महत्त्वाचे आहे. ते पेशीच्या अंगावरच्या बटणासारखे काम करते. बाहेरून इशारा आला की बटण दाबले जाते, पेशी वाढते. इशारा थांबला की बटण सुटते. जनुकात ठरावीक जागी बदल झाला तर हे बटण दाबलेलेच राहते. पेशी वाढतच राहते. एएलके नावाच्या दुसऱ्या एका जनुकाचा तुकडा तुटून भलत्याच जनुकाला चिकटला तरी असेच होते. हा बदल कमी लोकांत सापडतो, पण तुलनेने तरुण आणि धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त. केआरएएस नावाच्या तिसऱ्या जनुकातला बदल धूम्रपान करणाऱ्यांत अधिक दिसतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील संशोधकांनी २०१३ मध्ये फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकाराच्या ९०७ भारतीय रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत सुमारे २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरचा बदल सापडला. युरोप-अमेरिकेत हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या आसपास आहे. टाटाच्या अभ्यासात हा बदल पुरुषांपेक्षा बायकांत आणि ओढणाऱ्यांपेक्षा न ओढणाऱ्यांत जास्त दिसला. म्हणजे जिने कधी बिडीला हात लावला नाही, तिच्या गाठीत हा बदल सापडण्याची शक्यता अधिक आहे. आणि ज्यावर गोळी आहे असा हा बदल आहे.

मग न ओढणाऱ्याला का होतो?

२०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील चार्ल्स स्वॉन्टन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक महत्त्वाचे संशोधन मांडले. त्यांनी कॅन्सर नसलेल्या निरोगी फुफ्फुस-ऊतींचे नमुने बारकाईने तपासले. १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचे आणि ५३ टक्के नमुन्यांत केआरएएसचे कॅन्सरशी जोडलेले बदल आधीच होते. म्हणजे वय वाढते तसे असे बदल निरोगी फुफ्फुसातही तुरळक पेशींत होतात आणि त्या पेशी बहुधा निपचित पडून असतात. हवेतले अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात गेले की तिथे दाह होतो, आणि त्या दाहाने या निपचित पेशी जाग्या होऊन वाढू लागतात, असे या संशोधकांना उंदरांवरच्या प्रयोगात दिसले. जिथे हवेत हे कण जास्त, तिथे ईजीएफआर बदलाचा कॅन्सरही जास्त, हे त्यांनी इंग्लंड, दक्षिण कोरिया, तैवान यांच्या माहितीतून दाखवले.

तो अभ्यास बाहेरच्या हवेचा होता, चुलीचा नव्हता. पण चुलीच्या धुरातही तेच अतिसूक्ष्म कण असतात, आणि ते कोंडलेल्या खोलीत असतात. म्हणून धूर टाळण्याचा सल्ला हा नुसता डोळे चुरचुरू नयेत म्हणून नाही. चूल पेटवायचीच असेल तर ती उघड्यावर किंवा धुराडे असलेल्या जागी, सुक्या लाकडावर, आणि लहान मुलाला कडेवर न घेता.

"मागच्या जन्मीचे पाप" ही समजूत आपण सोडून दिलेली आहे. तिच्या जागी "नशीब" हा शब्द मात्र अजून बसलेला दिसतो. कारण आहे, ते समजते, आणि काही अंशी टाळताही येते, हे आपण घरात बोलले पाहिजे.

पोरांना होईल का?

फुफ्फुसाच्या कॅन्सरमधले हे बहुतेक बदल जन्मतः आलेले नसतात. ते आयुष्यात केव्हातरी फुफ्फुसातल्या एका पेशीत होतात आणि त्या गाठीपुरतेच राहतात. आईच्या किंवा बापाच्या गाठीत ईजीएफआरचा बदल सापडला म्हणून तो मुलामुलींत उतरत नाही. जन्मजात बदल असणारी कुटुंबे आहेत, पण फार विरळ. हा आजार संसर्गजन्यही नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळा काढू नका. मुलीचे लग्न अडेल म्हणून आजार लपवू नका. लपवण्यात जे महिने जातात ते परत मिळत नाहीत.

झाडाचे खोड आणि फांद्या

ब्रिटनमध्ये 'ट्रेसर-एक्स' नावाचा मोठा अभ्यास सुरू आहे. ज्यांचा फुफ्फुसाचा कॅन्सर ऑपरेशन करता येईल इतक्या लवकर सापडला, अशाच रुग्णांच्या गाठी त्यात तपासल्या जातात. एकाच गाठीचे अनेक भाग वेगवेगळे तपासून कोणता बदल आधी झाला, कोणता नंतर, याचा माग काढतात. पहिल्या १०० रुग्णांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. त्यातले चित्र झाडासारखे आहे. ईजीएफआरसारखे बदल जवळजवळ नेहमी खोडात असतात, म्हणजे गाठीच्या सगळ्या पेशींत असतात. नंतर होणारे बदल फांद्यांसारखे, गाठीच्या काही भागांतच. जितका वेळ जातो तितक्या फांद्या फुटतात.

आपल्यासाठी याचा अर्थ असा. खोडातला बदल सापडला आणि त्यावर औषध असले, तर ते औषध गाठीच्या सर्व पेशींना लागू पडण्याची शक्यता असते. आणि झाड लहान असताना ते हाताळणे सोपे असते.

लवकर आणि उशिरा यांतला फरक

फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या चार स्टेज असतात. पहिली, दुसरी आणि तिसरीचा काही भाग ऑपरेशन करण्याजोगा असतो. उजव्या फुफ्फुसाला तीन कप्पे आणि डाव्याला दोन. गाठ असलेला कप्पा काढला तरी माणूस उरलेल्या फुफ्फुसावर जगतो. अडचण अशी की गाठ काढल्यावरही कित्येकांत आजार परत येतो, कारण डोळ्यांना आणि सीटी स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी आधीच इकडेतिकडे गेलेल्या असतात.

त्यासाठी 'अडोरा' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ६८२ रुग्ण घेतले. सर्वांची गाठ ऑपरेशनने पूर्ण काढलेली, स्टेज १-बी ते ३-ए, आणि सर्वांत ईजीएफआरचा बदल. निम्म्यांना ओसिमर्टिनिब ही रोजची एक गोळी तीन वर्षे दिली, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. २०२० मध्ये निकाल आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांत दोन वर्षांनंतर गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरातले ९० जण आजार न उलटता हयात होते. दुसऱ्या गटात ४४. २०२३ मध्ये पाच वर्षांचा हिशेब आला. सर्व रुग्ण मिळून शंभरात ८८ हयात, दुसऱ्या गटात ७८. एएलके बदल असणाऱ्यांसाठी 'अलिना' चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला. ऑपरेशननंतर अलेक्टिनिब घेणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांपैकी दोन वर्षांनी सुमारे ९४ टक्के आजारमुक्त होते, केमो घेणाऱ्यांपैकी ६३ टक्के.

आता उशिरा सापडलेल्यांचे पाहा. टाटा मेमोरियलनेच पसरलेल्या, ईजीएफआर बदलाच्या कॅन्सरच्या ३५० रुग्णांवर चाचणी केली, तिचा निकाल २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. नुसत्या जेफिटिनिब गोळीने आजार सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला. गोळीला केमोची जोड दिल्यावर १६ महिने. हे मोठेच यश आहे, ते आपल्या मुंबईत आणि आपल्यासारख्याच रुग्णांमुळे मिळाले. पण जनुकातला बदल तोच असून एकीकडे मोजमाप महिन्यांत होते, दुसरीकडे वर्षांत.

तपासणी न करता अशी गोळी सुरू करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पूर्व आशियात १,२१७ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्यात ईजीएफआरचा बदल नव्हता त्यांना जेफिटिनिबपेक्षा केमोचाच उपयोग जास्त झाला. इम्युनोथेरपी नावाची महागडी सलाइन ईजीएफआर आणि एएलके बदलाच्या गाठींवर सहसा कमी चालते. म्हणून उपचार ठरण्याआधी जनुकाचा रिपोर्ट हातात हवा.

टीबीच्या गोळ्यांत गेलेले महिने

मी नर्सिंग केले त्या वर्षांत कित्येक फायली एकाच चालीच्या पाहिल्या. खोकला, एक्स-रेमध्ये डाग, टीबीच्या गोळ्या सुरू, फरक नाही, गोळ्या बदलल्या, आणि सहा-आठ महिन्यांनी सीटी स्कॅन. टीबी आपल्याकडे भरपूर आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात तो आधी येणे साहजिक आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती कराच. टीबी निघाला तर गोळ्यांचा पूर्ण कोर्स करा. त्यात खंड नको. पण थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, गोळ्या घेऊनही वजन उतरतेच आहे, डाग तसाच आहे किंवा वाढतो आहे, तर थांबू नका. "सीटी स्कॅन करायचा का?" असे सरळ विचारा.

याशिवाय थुंकीतून रक्त, चढताना नवीनच लागणारा दम, आवाज बसून राहणे, खांद्यात किंवा छातीत न थांबणारी कळ, त्याच बाजूला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, ही लक्षणे अंगावर काढू नका. बायका तर स्वतःचा खोकला धुराचा म्हणून सोडून देतात. तीन आठवडे हा हिशेब लक्षात ठेवा.

तुकडा, ब्लॉक आणि रिपोर्ट

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" या भीतीने बायोप्सी टाळणारे अजून आहेत. ही भीती सोडा. सुईने छातीत थोडी हवा शिरण्याचा किंवा थोडे रक्त येण्याचा धोका असतो, आणि त्यासाठीच रुग्णाला काही वेळ देखरेखीत ठेवतात. पण तुकडा काढल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, कोणत्या प्रकारचा, आणि कोणत्या जनुकात बदल, यांतले काहीच कळत नाही.

काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचा छोटा ठोकळा करतात. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर लावतात, त्या स्लाइड. जनुकाची तपासणी याच ब्लॉकमधून होते. तो लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो आणि दुसरीकडे तपासणीसाठी लेखी अर्ज करून घेता येतो. आपली माणसे डिस्चार्ज कार्ड घेऊन येतात आणि ब्लॉक तिथेच राहतो. मग दुसऱ्या शहरात गेल्यावर पुन्हा तुकडा काढण्याची पाळी येते.

रक्तातूनही जनुकाची तपासणी होते. पण लवकरच्या स्टेजमध्ये गाठीचा अंश रक्तात फार थोडा उतरतो, त्यामुळे रक्तात काही सापडले नाही म्हणून बदल नाही असे म्हणता येत नाही. ऑपरेशन झाले असेल तर ब्लॉकच खरा.

आणखी एक खुलासा. गाठ फारच लहान असताना, म्हणजे स्टेज १-ए मध्ये निघाली असेल, तर ऑपरेशननंतर सहसा गोळी देत नाहीत. नियमित तपासणीवर ठेवतात. त्यामुळे "आम्हाला गोळी का दिली नाही" म्हणून घाबरू नका, स्टेज विचारा.

कुठे जायचे, पैशांचे काय?

सुरुवात तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात करा. पुढे नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. मुंबईला परळचे टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत तिकिटाची मोठी सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो, रेडिएशन येतात. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो; रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा. जनुक-तपासणी आणि ठरलेली गोळी योजनेत बसते का, हे नेमके शब्द वापरून विचारा आणि नाही म्हणाला तर कारण विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा.

गोळीची किंमत हा खरा डोंगर आहे. जेफिटिनिबची भारतीय कंपन्यांची स्वस्त रूपे मिळतात. ओसिमर्टिनिब मात्र फार महाग आहे. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यावरचे सीमाशुल्क माफ झाले, तरी मजुरीवर चालणाऱ्या घराला तीन वर्षे ती घेणे झेपणारे नाही. ज्या औषधाने शंभरांत दहा माणसे जास्त जगतात, ते पैसेवाल्यांच्याच घरी पोहोचत असेल तर तो आरोग्याचा नाही, हक्काचा प्रश्न आहे. ही तपासणी आणि ही औषधे सरकारी योजनेत पूर्णपणे यावीत, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात आणि आमदार-खासदारांच्या निवेदनात गेली पाहिजे. मागणी करायची तर आधी नाव माहीत हवे. म्हणून ही अवघड नावे इथे दिली.

गोळी सुरू झालीच तर पुरळ, जुलाब, तोंड येणे, नखाच्या कडा सुजणे असे त्रास होतात. बहुतेकांवर उपाय आहे, मनाने गोळी बंद करू नका. अचानक दम लागला किंवा कोरडा खोकला वाढला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कागदावर लिहून न्या

डॉक्टरांपुढे गेल्यावर घाबरून प्रश्न आठवत नाहीत. म्हणून हे कात्रण सोबत ठेवा किंवा शिकलेल्या मुलीकडून वहीत उतरवून घ्या.

१. कॅन्सर कोणत्या प्रकारचा आहे आणि स्टेज कोणती?
२. ऑपरेशन होऊ शकते का? नसेल तर का नाही?
३. ईजीएफआर आणि एएलकेची तपासणी पाठवली का? निकाल केव्हा?
४. निकाल येईपर्यंत कोणता उपचार थांबवता येईल, कोणता नाही?
५. ब्लॉक आणि स्लाइड कोणत्या लॅबमध्ये आहेत, नंबर काय?
६. योजनेत काय बसते, काय बसत नाही?
७. पुढची तपासणी कोणत्या तारखेला?

सगळे रिपोर्ट एकाच पिशवीत, तारखेच्या क्रमाने ठेवा. घरात बिडी ओढणारा कोणी असेल तर आजच थांबवायला सांगा. आजार झाल्यावर सोडली तरी उपचाराला फायदा होतो. आणि पुढच्या रविवारी विहारात जमाल तेव्हा शेजारच्या जिला महिनाभर खोकला आहे, तिला एवढेच विचारा, "थुंकी तपासली का? फोटो काढला का?" नसेल तर तिच्यासोबत तुमसरच्या दवाखान्यात जा.